बाराव्या मिनिटाला बंद पडणारा कॉम्प्युटर

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर हल्ली परवानगी देते तेवढाच वाकलो आहे, उरलेला मनातल्या मनात). तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला उतरला का? मी बरा आहे. कॉम्प्युटरचं मात्र तसं नाही, म्हणून हे हाताने लिहायला घेतलं. पत्राचं एक बरं असतं, ते मध्येच बंद पडत नाही.

गेले सहा रविवार आपलं बोलणं बाराव्या मिनिटाला तुटतंय आणि तुला वाटतंय की मीच टाळतोय. (पडदा काळा होताना तुझी एक भुवई वर गेलेली असते, ती मला दिसते बरं.) तू पहिली अकरा मिनिटं गुडघ्यांना देतेस आणि मग विचारतेस की, नव्या बांधलेल्या वरच्या खोलीत कायमचा राहायला येतोस, की महिनाअखेरीला ती त्या शिक्षिकेला भाड्याने देऊन टाकू? मी तोंड उघडतो न उघडतो तोच तू गायब. आता यात माझा काय दोष?

खरं तर हे सगळं तुझ्या चेहऱ्यापायी झालं. तू पडद्यावर चौकोनाचौकोनांची दिसायचीस, नाक एकीकडे, बोलणं दुसरीकडे. म्हणून मी नवी मेमरी आणली, नवं ग्राफिक्स कार्ड आणलं, आणि जन्मभर घड्याळं उघडलेल्या माणसाने एक पेटी उघडायला दुसऱ्याच्या तोंडाकडे कशाला बघायचं, म्हणून घरीच बसवलं. जेवणाच्या टेबलावर पांढरं फडकं, डोळ्याला भिंग, स्क्रू निघाले त्याच क्रमाने मांडलेले आणि त्यांच्यावर पालथा पेला. पहिल्या रविवारी तू इतकी लख्ख दिसलीस की कानामागची ती जुनी खूणसुद्धा दिसली (मी मारलेला खडा, माफी मागायची राहूनच गेली होती, आज मागतो). मी त्या खुणेकडे बघत बसलो. तू काय बोलत होतीस कोण जाणे. तुझे ओठ हलत होते, तुझ्यामागे खिडकीचा पडदा हलत होता, आणि मी सहा वर्षांचा होतो. मग बारा मिनिटं झाली आणि सगळं गेलं.

मग तपास. आमच्या धंद्यात घड्याळ थांबलं की आधी कान लावायचा. मी पेटीला कान लावला. आत पंखा असा काही गुणगुणत होता की माझा तिथेच डोळा लागला. स्वप्नात मी आत उतरलो होतो. हिरवीगार गावं, चंदेरी रस्ते, कुणालाच कसली घाई नाही, आणि एका वळणावर तू दोन वेण्या घालून उभी, माझी वाट बघून वैतागलेली. जाग आली तेव्हा पेटी बंद होती आणि गालावर खोळीच्या गुंडीचा वळ उठला होता. (कॉम्प्युटरला मी खोळ शिवली आहे, जाड कापडाची, चारी बाजूंनी गुंड्यांची. धूळ म्हणजे आमची सात जन्मांची वैरीण.) मेमरीच्या पट्ट्या एकेक करून काढल्या, खोडरबराने पुसल्या, त्यांच्या जागा बदलल्या. काही नाही. जुनं कार्ड परत लावलं तर चाललं, नवं लावलं की बारा मिनिटांत राम म्हणायचा. गंमत म्हणजे पेटी उघडी टाकली की तासन् तास चालायचा, आणि नीट बंद करून खोळ घातली की पुन्हा तेच.

शेवटी उचलून दुकानात नेला (खोळ घरी ठेवून, उगाच मळायला नको). दुकानदाराने दिवसभर चालवून बघितला आणि म्हणाला, काका, माझ्याकडे तर पठ्ठ्या मस्त चालतोय, तुमच्याच घरात याला काय होतं? पेटी पोटाशी धरून घरी येताना मी तोच विचार करत होतो. माझ्या घरात काय होतं? दुपार होते. पडदा फुगतो, पुन्हा पडतो. भिंतीवरची सात घड्याळं सात वेळा दाखवतात आणि मी कुठलंच खोटं पाडत नाही. अशा घरात कुणीही चालता चालता थांबेल असं मला अगदी मनापासून वाटलं, आणि मी त्याच्यावरचा राग सोडून दिला.

एका मंगळवारी शेजारच्या नर्सबाई पेपर परत द्यायला आल्या. पेशंटच्या कपाळाला लावावा तसा त्यांनी खोळीवर हात ठेवला आणि ओरडल्याच, अहो, केवढा तापलाय हा! आणि वर पांघरूण घालून ठेवलंय? काढा आधी ते! जुन्या कार्डाला ऊब बाधत नव्हती, नवं मुळातच गरम डोक्याचं, त्याला वाराच मिळत नव्हता. एवढा मोठा कारागीर मी, आणि दुखणं निघालं माझ्याच शिवणकामाचं. नर्सबाईंना हसू आवरेना.

तर हे असं आहे. भावजींना नमस्कार सांग आणि गुडघ्यांना जप.

तुझा,
धाकटा

ता. क. नर्सबाईंचा तो मंगळवार तीन आठवड्यांपूर्वीचा. खोळ काढल्यापासून कॉम्प्युटर एकदाही आपणहून बंद पडलेला नाही. शेवटचे तीन रविवार टेबलाखालचं बटण पायाच्या अंगठ्याने मीच बंद केलं. (गेल्या खेपेला मोजा घसरला. तू विचारलंस ना, खाली काय शोधतोयस म्हणून?)

आणखी एक ता. क. मला भीती वाटते गं ताई. इतकी वर्षं एकटा राहिलो. तिथे आलो आणि पंधरा दिवसांत तुला माझा कंटाळा आला तर मी कुठे जाऊ? इथे निदान रविवार तरी असतो. शनिवारी मी शर्टाला इस्त्री करून ठेवतो, हे तुला कधी सांगितलं नाही.

शेवटचा ता. क. त्या शिक्षिकेला नाही म्हणून कळव. आणि वरच्या खोलीची खिडकी कुठल्या भिंतीला आहे ते लगेच सांग, माझं कामाचं टेबल उजेडाला लागतं.