येतो हं

मंगळवार, ४

निघालो एकदाचे! डब्यातली ही पहिली संध्याकाळ. हे गाडीला 'बंगला' म्हणतात, मी डबा म्हणते. चार चाकांवर एक गादी, एक ओटा, दोन शेगड्या, चार फडताळं आणि एक न्हाणीघर. न्हाणीघरात वळायचं असेल तर आधी बाहेर यावं लागतं, एवढं ऐसपैस! पण खोटं कशाला बोलू, छान वाटतंय. दुपारभर खिडकीशी बसून मी लहान पोरीसारखी पाय हलवत होते.

टिल्लीकडे चाललोय. टिल्ली म्हणजे आमची लेक. नाव टिल्ली, पण माझ्यापेक्षा वीतभर उंच. डॉक्टरांनी तिला पंधरा तारीख दिलीये, आणि रमतगमत गेलो तरी बारापर्यंत पोचू असं हे म्हणतात. काल फोनवर तिनं विचारलं, आई, येतेस ना नक्की? एरवी मलाच दटावणारी पोर, काल पहिल्यांदा घाबरलेली वाटली. मी म्हटलं, येते गं बाई, येते. जुन्या मऊ चादरींची पिशवीभर दुपटी शिवून घेतलीत. प्रत्येकाच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्यानं एक चिमणी काढलीये. चिमण्या कमी आणि बटाटे जास्त दिसतात असं ह्यांचं मत. विचारलं कुणी होतं?

आज पाण्याची शिकवणी झाली. चांगल्या पाण्याची टाकी गादीखाली. सांडपाण्याची टाकी गाडीच्या पोटाखाली. आणि संडासाची वेगळी पेटी, तिला चाकं आणि ओढायचा दांडा असतो, म्हणून हे तिला 'सूटकेस' म्हणतात. ती ओढत निघालं की वाटतं माणूस परगावी चाललाय. ओट्यावर दिव्यांच्या दोन ओळी आहेत. निळे दिवे म्हणजे चांगलं पाणी किती उरलं, पिवळे म्हणजे सांडपाणी किती साठलं. निळे विझत आले की भरायचं, पिवळे लागत आले की ओतायचं. इतकं सोपं आहे म्हणे.

बुधवार, ५

सोपं! ज्यानं कुणी हे सोपं म्हटलं त्याला आणून ह्या डब्यात कोंडा.

मुक्कामाची जागा शोधणं म्हणजे मुलीला स्थळ शोधण्यासारखं झालंय. कुठे आपण पसंत नाही, कुठे ते पसंत नाहीत. पहिल्या जागी पाटी, रात्री गाडी लावू नये. दुसरी भरलेली. तिसरी एका मोठ्या दुकानामागची, चांगली सपाट. मी पडदे लावले, अंथरूण घातलं, आणि तेवढ्यात पहारेकऱ्यानं काच वाजवली. नम्रपणे हाकललं, पण हाकललंच. शेवटी मालट्रकांच्या रांगेत झोपलो. झोपलो कसले, पडलो.

सकाळी मी डोक्याला साबण लावला आणि नळानं फुस्स केलं. निळा दिवा एकही नाही! ह्यांनी काल भांडी धुताना नळ धो-धो सोडला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. हे म्हणतात, मी केस धुवायला नको होते. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. तशीच डोक्याला पंचा गुंडाळून दिवसभर बसले. पेट्रोल पंपावर नळ होता, तो बिघडलेला. दुसऱ्या पंपावर नळ चालू होता, तिथला माणूस बिघडलेला.

शुक्रवार, ७

देव पावला! काल टेकलो ते एका मोकळ्या मैदानात. एक नळ, घाण ओतायला लोखंडी जाळी, कडेला एक बुटकी खोली, बस्स. तिथं एक बाई राहते. वय सांगता येणार नाही. केस लांब, काळेभोर आणि ओले, आत्ताच न्हाऊन आल्यासारखे. पावलंही ओली. ह्यांनी लगेच नाव ठेवलं, पाणीवाली. तिनं नळाला रबरी नळी लावून दिली आणि आमची टाकी भरली. सूटकेस रिकामी झाली, सांडपाणी ओतून झालं. मी अर्धा तास केस धुतले. स्वर्ग म्हणतात तो हाच.

सकाळी निघताना मी तिला म्हटलं, येतो हं आम्ही. तिनं विचारलं, नक्की? विचित्रच, असं उलट कोण विचारतं? मी म्हटलं, अहो नक्की येतो. तुम्हीही या ना एकदा आमच्याकडे. तर तिनं विचारलं, कधी? मला हसू आलं. म्हटलं, कधीही या, आपलंच घर समजा.

गाडीत बसल्यापासून हे मला चिडवताहेत की मी मीटर बघायला आलेल्या माणसालाही राहायला बोलावीन. आता तोंडदेखलं चार शब्द बोलावंच लागतं की नाही? तिनं पाणी दिलं. ह्यांच्यासारखं नुसतं हॅ करून निघायचं का?

शनिवार, ८

पिवळे दिवे सगळे लागलेत. काल सकाळी टाकी कोरडी केली, त्यानंतर धुतल्या त्या दोन कपबश्या. ह्यांना विचारलं, किती वेळ आंघोळ करत होता? तर म्हणे, केलीच नाही. तेही खरंच असणार, वास येतोय.

आता उलटी वरात. परवा कुणी पाणी देईना, आज घाण कुणी घेईना. जिथं जावं तिथं जाळीला कुलूप नाहीतर 'फक्त सभासदांसाठी'. सूटकेसही जड झालीये. दोन माणसांची एका दिवसात एवढी? ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे, आणि दोघांनी विषय बदलला.

निळा दिवा मात्र एकही विझत नाही. वापरतोय तरी टाकी काठोकाठ. ह्यांना आनंद झालाय. मला नाही. भरणाऱ्या आणि न संपणाऱ्या, दोन्ही गोष्टींचा मला सारखाच राग येतोय.

आणि न्हाणीघराच्या जाळीत केस सापडले. लांब, काळे. माझे केस मानेपर्यंत, अर्धे पांढरे. तीस वर्षांत ह्यांच्यावर संशय घ्यायची वेळ आली नाही, आणि आता घ्यायचा तरी कुठे? ह्या डब्यात दुसरी बाई लपायला जागा तर हवी! पाणीवालीच्या नळीतून आले असतील, असं हे म्हणाले. मी फेकून दिले.

रविवार, ९

दिवसभर गाडी हाकली. संध्याकाळी नकाशातल्या एका नव्या मुक्कामाला वळलो, झाडी आहे असं लिहिलं होतं. झाडी नव्हती. मोकळं मैदान, एक नळ, जाळी, बुटकी खोली.

खोलीच्या दारात पाणीवाली उभी. एवढंच म्हणाली, आलात.

ह्यांनी नकाशा तीनदा उलटासुलटा केला. म्हणे कुठेतरी चुकीचं वळण घेतलं असणार. आख्खा दिवस सूर्य पाठीशी ठेवून चाललो आणि निघालो तिथंच परत? मी रागारागानं म्हटलं की आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, तशी तुमची गाडी. टाक्या ओतल्या आणि तिथं न राहता लगेच निघालो. निघताना माझ्या तोंडून पुन्हा गेलंच, येतो हं. सवयच ती.

सोमवार, १०

पुन्हा तिथंच. वेगळा रस्ता, वाटेत पूल लागला, बोगदा लागला, आणि बोगद्यातून बाहेर पडलो तो ह्याच मैदानात. ती पुन्हा म्हणाली, आलात.

टिल्लीचा फोन आला होता. किती लांब आहात, म्हणाली. डॉक्टर म्हणतात बाळ खाली सरकलंय, पंधरापर्यंत थांबणार नाही. आवाज रडवेला होता. मी म्हटलं येते, येते, आणि मध्येच फोन गेला.

फोन हातात धरून बसले होते तेव्हा एकदम लख्ख कळलं. मीच म्हटलंय. मीच म्हटलंय 'येतो'. तिनं विचारलं नक्की, आणि मी म्हटलं नक्की. आपल्यात निघताना कुणी 'जाते' म्हणतं का? लहानपणी चुकून तोंडातून गेलं तर आई चापट मारायची. जातं ते मेलेलं माणूस, आपण 'येते' म्हणायचं. जगभर सगळ्या दारांत मी येते म्हणून आलेय. कुणी धरून नाही ठेवलं. हिनं ठेवलं.

आणि मी तिला या म्हटलंय. कधीही या. आपलंच घर समजा.

ह्यांना सांगितलं. हसले. मग न्हाणीघरात पाणी सुटल्याचा आवाज आला आणि हसायचे थांबले. आम्ही दोघंही गादीवर बसलो होतो.

मंगळवार, ११

न्हाणीघराला आतून कडी. हे ढकलून दमले. आत कुणीतरी सावकाश आंघोळ करतंय, तांब्या खाली ठेवल्याचासुद्धा आवाज येतो. आमच्याकडे तांब्या नाहीच.

गाडी पुन्हा मैदानात. आलात.

मी चिडले, रडले, ह्यांना नाही नाही ते बोलले. तुम्हालाच हौस होती बंगल्याची. ते म्हणाले, मी जाऊन तिला स्पष्ट सांगतो की आम्ही जातो, परत येणार नाही. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, तो शब्द नका उच्चारू, लेक बाळंत व्हायचीये, अभद्र नको. म्हणाले, शब्दच तो, त्यानं काय होतंय.

भर दुपार होती. लख्ख ऊन. खिडकीतून पाहिलं, हे नळापाशी गेले. तिच्यापुढे हात जोडले. काहीतरी बोलले. तिनं मान डोलावली, परवानगी दिल्यासारखी. काचेवर वाफ धरली होती, ती मी बाहीनं पुसली. तेवढाच वेळ.

नळापाशी कुणी नव्हतं. ह्यांच्या चपला होत्या. पाण्यानं भरलेल्या.

बुधवार, १२

हाका मारून घसा बसला. खोलीत पाहिलं. आत काही नाही. ओली फरशी.

ह्यांना सोडून निघाले. गाडी मीच हाकली. टिल्लीला येते म्हटलंय. मदत आणीन, पोलीस आणीन, असं स्वतःशी म्हणत होते. दोन वळणं. मैदान.

ती दारात. आलात नाही म्हणाली.

म्हणाली, आलीस.

काल आम्ही दोघं होतो म्हणून आलात. आज एकटी म्हणून —

आता न्हाणीघरातून ह्यांचा आवाज येतोय. अगदी ह्यांचाच. विचारतायत, येऊ का बाहेर? तीस वर्षांत ह्या माणसानं कधी विचारलं नाही. दार धाडकन उघडून ओल्या पायांनी सगळं घर चिखल करणारा माणूस. हे ते नव्हेत. मी उत्तर देणार नाही. उशी कानावर —

त्यांच्यासारखं खोकतंयसुद्धा.

गुरुवार, १३

उजाडलंय. निळे सगळे. पिवळे सगळे.

फोनवर एकच ओळ आली, पहाटे कधीतरी. जावयांची. टिल्लीला आत घेतलंय, लवकर या. त्यानंतर रेंज नाही. आत घेतलंय म्हणजे कुठे आत — दवाखान्यात, दवाखान्यातच.

'जाते' म्हणून बघू का? ह्यांनी म्हटलं नि गेले. मी म्हटलं तर मीही जाईन. मग टिल्लीकडे कोण — तिला येते म्हटलंय. आधी तिला म्हटलंय. ह्या बाईच्या आधी. ते धरायला नको का? कुणी हिशोब ठेवत असेल तर ते आधी —

दुपट्यांची पिशवी उघडी आहे. वरचं एक नाही.

आतला ह्यांचा आवाज थांबला. बरं झालं. किती वेळ नुसतं टिपटिप.

आता बाळ रडतंय.

आत. न्हाणीघरात. नुकतं जन्मलेलं, श्वास अडकत अडकत रडतंय. दाराच्या फटीतून दुपट्याचा कोपरा दिसतो. लाल चिमणी. भिजलीये.

टिल्लीचा आवाज. आई, तू आलीच नाहीस गं. मग मीच आले. थंडी वाजतेय, बाळ गार पडलंय. येऊ?

ती नाही. मला कळतंय. ती टिल्ली नाही. दात आवळून बसलेय. एक शब्द नाही बोलणार, एक शब्द —

रडणं कमी होतंय. बाळ दमतंय. आई, येऊ ना? ह्याचे ओठ निळे —

ती नाही ती नाही

अगं पण ओल्यात नको उभी राहूस त्याला घेऊन, आधी बाहेर ये