वीतभर कमी पडलेलं लुगडं

आई, सगळ्यात आधी नवऱ्या मुलाची आजीच वर आली. बाकीचे खाली गाडी लावायला जागा शोधत होते आणि ही वणीची बाई, माझ्याच वयाची, पिशवी सांभाळत एकटीच जिना चढून दारात उभी. तुझ्या पणतीचं लग्न ठरलंय ना, तिला साखरपुड्यात नेसायला नऊवारी लुगडं आणलं होतं. हिरवं, जरीकाठाचं. मला इतका आनंद झाला की चहाचं आधण राहिलं बाजूला, मी लुगडं उलगडून हातानं मोजायलाच बसले. कोपरापासून मधल्या बोटापर्यंत एक हात, दोन हातांचा वार, नऊ वारांचे अठरा हात. तूच शिकवलंस. एकदा बाजारात मी कापड मोजत होते, तर तू दुकानदारासमोरच खेकसलीस, ‘हात आखडून मोजशील तर नेसताना रडशील.’ म्हणून मी हात चांगला ताणून मोजलं. साडेसतरा भरले. परत मोजलं, परत तेच. वीतभर कमी. गप्प बसावं ना, पण तुझीच लेक, बोलून गेले.

‘द्या इकडं,’ ती म्हणाली आणि स्वतः मोजायला लागली. तिचा हात बुटका. बरोबर अठरा. ‘भरलं की, विहीणबाई. तुमचाच हात लय लांब हाय.’

‘लांब हात वाढायला बरा असतो,’ मी म्हटलं.

एव्हाना सगळे वर आलेले. माझा लेक टेप घेऊन आला. ‘आई, आठ मीटर आहे. पाकिटावरही तेच लिहिलंय. बरोबर आहे.’

‘पोरीला मीटर नेसायचाय का?’

तो म्हणे, नऊ वार म्हणजे आठ मीटरच्या वर थोडं होतं, ते वरचं आता कोणी धरत नाही. काय बाई तऱ्हा. पोराची उंची सांगायची फुटात, सोनं तोळ्यात, आणि बाईच्या लुगड्याचं तेवढं वरचं सोडून द्यायचं. त्याचंही बरोबर, दुकानवाल्याचंही बरोबर, मग पोरीनं करायचं काय? पण नात रडवेली झालेली दिसली तेव्हा मनात आलं, वीतभर कापडापायी ठरलेली सोयरीक मोडते की काय.

तेवढ्यात तीच बाई उठली. ‘मोजत काय बसायचं, नेसवूनच बघू.’ ड्रेसवरूनच नातीला नेसवायला घेतलं. आपली पोर उंच. काष्टा नीट बसवला तर पदर खांद्यावरून जेमतेम खाली येतोय. ती बाई दोन पावलं मागं सरली, बघत राहिली. ‘कमीच पडतंय,’ म्हणाली. मग माझ्याकडून दोरा मागितला, माझा हात कोपरापासून मापला, दोरा दातानं तोडला आणि स्वतःच्या पदराला गाठ मारून ठेवला. ‘आता दुसरं लुगडं याच दोऱ्यानं मोजून घेते. दुकानवाला मीटर म्हणाला तर त्यालाच नेसवते.’ नात हसली, मग सगळेच हसले. चहा तेव्हा कुठं झाला.

लेक अजून धुसफुसतोय, पाहुण्यांसमोर कोणी मोजतं का म्हणतो. असेल त्याचं खरं. हे काही मी तुला धाडू शकत नाही, म्हणून लिहिते, तू गेल्यापासून इतकं बरोबरीनं भांडायला मला कोणी भेटलंच नव्हतं. बुधवारी परत येतो म्हणालेत.