आप्पांचा कूलर आणि माझा प्रोसेसर

१ मार्च, रविवार
आजपासून रोजनिशी. यशस्वी माणसं लिहितात. पुढे कोणी मुलाखत घ्यायला आलं तर तारखा हाताशी असाव्यात.

सद्यस्थिती: नाशिकची नोकरी मी सोडली. वडिलांची सेवा करायची म्हणून. कंपनीच्या मेलमध्ये ‘परफॉर्मन्स’ असा काहीतरी शब्द होता, पण त्यांनी मेल आधी पाठवला इतकंच. मीही त्याच आठवड्यात पाठवणार होतो. आता शहाद्याला, आप्पांच्या घरी. आप्पा साखर कारखान्यातून रिटायर्ड, चाललं की दम लागतो. बायको शीला धडगावकडे आश्रमशाळेत शिकवते, रोज जीपने जाते-येते. घर मी सांभाळतो.

निश्चय: गेमिंग कॉम्प्युटर बांधायचा. रेडीमेड नाही, एकेक पार्ट निवडून, स्वतःच्या हाताने. मे महिन्यात ऑनलाइन टुर्नामेंट आहे. आमच्या टीमचा कॅप्टन तरुण, नंदुरबारच्या कापड दुकानवाल्यांचा मुलगा, कॉलेजात आहे. काल माईकवर म्हणाला, काका, तुमचा लॅपटॉप अडकतो आणि आपण सगळे मरतो. बत्तिसाव्या वर्षी ‘काका’ म्हणजे मान आहे. टीममध्ये सीनियर लागतोच.

३ मार्च
शीलाच्या शाळेतले सगळे काठी गावची होळी बघायला गेले. शीला म्हणाली, आप्पांजवळ तू आहेस तर मी जाऊन येते. जा म्हटलं. मी रात्रभर व्हिडिओ बघून रिसर्च केला. आता मला प्रोसेसर या विषयात विचारायचं कोणाला, हाच प्रश्न आहे. शहाद्यात कोणी नाही.

१२ मार्च
सुरत. पार्ट्स घेतले. दुकानदार चांगला होता, पण अपुऱ्या ज्ञानाचा. म्हणे, तुमच्याकडे ऊन फार, पुढून जाळी असलेलं कॅबिनेट घ्या, हवा खेळते. मी काचेचं घेतलं, रंगीत लाइटचं. जुना माल खपवायचा असला की हे लोक असंच हवापाणी सांगतात. शेवटी म्हणाला, फिटिंग इथेच करून देतो, फुकट. मी हसलो.

पैसे शीलाने स्कूटीसाठी साठवलेले. तिला नीट समजावलं, स्कूटी शोरूमबाहेर निघाली की किंमत घटते. मदरबोर्डचं तसं नाही. तिने पासबुक माझ्यासमोर ठेवलं आणि भांडी घासायला गेली. पटलं.

१५ मार्च, रविवार
बांधणी. आप्पांना बॅटरी धरायला बसवलं. ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटपेक्षा लांब निघालं, मग आप्पांच्या करवतीने आतला पत्रा कापला. आप्पांनी विचारलं, पुस्तकात काय लिहिलंय ते बघितलं का. त्यांना सांगितलं, पुस्तक ज्याला कळत नाही त्याच्यासाठी असतं. प्रोसेसरवरचा पंखा बसवताना थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता ओढून घेणारा लेप, सढळ हाताने लावली. कंजुषी माझ्या स्वभावात नाही.

दुपारी चालू झालं. लाल, निळे, हिरवे लाइट. आप्पा म्हणाले, “येम्हा काय दिखस?” मी फ्रेमरेट समजावून सांगितला. ते बसल्या बसल्या झोपले. चेहऱ्यावर समाधान होतं.

२ एप्रिल
मशीन बंद पडतं. गेम सुरू झाला की थोड्या वेळात ठप्प. प्रोसेसरचं टेम्परेचर ९८ दाखवतं. कारण स्पष्ट आहे: हवामान. हे पार्ट्स डिझाइन करणाऱ्यांनी खान्देश बघितलेला नाही.

उपाय: आणखी तीन पंखे मागवले. आणि मोठा एसएमपीएस, कारण इतक्या पंख्यांना वीज पुरली पाहिजे.

१९ एप्रिल
पंखे लावले. टेम्परेचर ९८. पण आता आवाज भारदस्त येतो.

तरुण म्हणाला, काका, प्रोसेसरवरचा पंखा एकदा काढून बघा, नीट बसलेला नसेल. मी म्हटलं, बेटा, तो मी स्वतः बसवलाय. विषय तिथेच संपला. कापड दुकानात बसून हार्डवेअर कळत नाही.

२७ एप्रिल
बाहेर चव्वेचाळीस. आज मूळ प्रश्नाला हात घातला. आप्पांच्या खोलीतला वाळ्याचा कूलर उचलून माझ्या खोलीत लावला, तोंड थेट कॅबिनेटकडे. शास्त्रीय विचार आहे. आप्पा याच हवेत जन्मले, सबंध आयुष्य याच हवेत गेलं. प्रोसेसर थंड देशातून आलाय. सवय कोणाला नाही? शिवाय आप्पांच्या डोक्यावर पंखा आहेच.

दुपारी आप्पा भिंतीला धरून दारात आले. “मन्हा कूलर कथा गया भाऊ?” आप्पा मला भाऊच म्हणतात. सांगितलं, टुर्नामेंटपुरता माझ्या खोलीत नेलाय. ते थोडा वेळ कूलरसमोर उभे राहिले, बनियन हाताने पुढे ओढून. मग म्हणाले, “तुन्हा डबाले गरम व्हस, मालेबी व्हस ना.” मला हसू आलं. या वयातही विनोदबुद्धी शाबूत आहे. त्यांना जरा बाजूला व्हायला सांगितलं, हवा अडत होती.

टेम्परेचर ९४. दिशा योग्य.

४ मे
शीलाने कूलर परत आप्पांच्या खोलीत नेला. एकटीने, ओढत. फरशीवर चरा पडलाय. सुट्टीतही तिला कसलीशी ड्यूटी आहे, सकाळी जाते. ती गेली की मी कूलर आणतो आणि तिची जीप यायच्या आत परत ठेवतो. रोजची ही ओढाताण मी करतोय. कोणाला सांगत नाही.

आप्पांनी तिला काही सांगितलेलं नाही. मुलावर विश्वास आहे त्यांचा.

९ मे
दुपारची लाइट जाते. इन्व्हर्टरवर आप्पांचा पंखा होता. ती लाइन तात्पुरती मशीनकडे वळवली. आप्पांना हातपंखा दिला, बांबूचा, नवा. त्यांनी दोनदा हलवला आणि पोटावर ठेवून पडून राहिले. व्यायाम म्हणूनही चांगला आहे, पण त्यांना शिस्त नाही.

१७ मे, रविवार
क्वालिफायर. टुर्नामेंटची पात्रता फेरी, आयुष्यातला महत्त्वाचा दिवस. शीला रविवारीही ड्यूटीवर. दुपारी लाइट गेली, पण माझं नियोजन चोख. मशीन चालू, कूलरही इन्व्हर्टरवर.

मॅच ऐन रंगात असताना आप्पांनी हाक मारली. “भाऊ, पानी दे रे.” मी म्हटलं, हा राउंड होऊ द्या आप्पा. पुन्हा हाक आली. मी पुन्हा तेच सांगितलं, आवाजही चढवला नाही. नंतर तांब्या पडल्यासारखा आवाज आला आणि मग त्यांनी हाक मारली नाही. समजूतदार आहेत.

शीला आली तेव्हा आप्पा त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यात पडलेले होते. अंग तापलेलं, पण घाम नाही, बोलणं बरळल्यासारखं. तिने शेजारच्या फत्तेसिंगला ओरडून बोलावलं. त्याच्या पपई वाहायच्या पिकअपमध्ये आप्पांना झोपवलं, वर ओलं पोतं टाकलं. मी घरी थांबलो. घर उघडं टाकून सगळ्यांनीच जायचं म्हणजे काय. शिवाय मध्येच मॅच सोडली की पेनल्टी बसते.

हरलो. शेवटच्या राउंडला लक्ष विचलित झालं होतं. टीमने समजून घेतलं असावं, कोणी काही बोललं नाही.

१८ मे
दवाखाना. ऊन लागलं, असं डॉक्टर म्हणाले. वेळेवर आणलं म्हणून वाचले. घरात, सावलीत बसलेल्या माणसाला ऊन कसं लागतं, हे त्यांना सांगता आलं नाही. त्यांनी विचारलं, घरात कूलर नाही का? मी म्हटलं, आहे ना. खरं तेच सांगितलं. शीला खिडकीबाहेर बघत होती.

आप्पा झोपेत हात हलवतात. काहीतरी वारा घातल्यासारखं.

२१ मे
धानोऱ्याहून रोहिणीताई आली आणि आप्पांना दवाखान्यातूनच घेऊन गेली. मला विचारलं नाही. ताई पहिल्यापासून हट्टी. जाताना सगळ्या वॉर्डसमोर म्हणाली, “भाडेकरूबी म्हाताराले पानी देस.” मी औषधांची पिशवी तिच्या हातात दिली. मोठ्या बहिणीचा मान ठेवतो मी.

शीलाही सोबत गेली. मदतीला, थोडे दिवस. घरी येऊन तिने कपडे घेतले, शाळेची प्रमाणपत्रं घेतली, गॅसची शेगडी घेतली. थोड्या दिवसांना कोणी शेगडी नेतं का, पण बायकांना सामानाची हौस. मी म्हटलं, कूलरही ने हवं तर. ती उंबऱ्यात थांबली. वाटलं आता भांडेल. पण तिने खाली बघून चप्पल घातली आणि गेली.

घर शांत आहे. सरावाला उत्तम.

२४ मे, रविवार
टेम्परेचर ९५. आता दिवसभर कूलर असूनही. म्हणून ठरवलं, प्रोसेसरवरचा पंखाच बदलायचा. मोठा मागवला, तो आला. जुना काढला.

त्याच्या बुडाला एक पातळ पारदर्शक प्लॅस्टिक होतं. प्रोसेसर आणि पंख्याचा धातूचा तळ यांच्या बरोबर मध्ये. वरून माझी पेस्ट. प्लॅस्टिकवर लाल अक्षरात लिहिलेलं, बसवण्यापूर्वी काढावे.

कंपनीने हे इतक्या बारीक अक्षरात लिहायला नको होतं.

तसं फार बारीक नाही. आप्पांच्या चष्म्याशिवाय मला वाचता आलं.

प्लॅस्टिक काढलं. नव्या पंख्याची गरजच पडली नाही, जुनाच परत बसवला. टेम्परेचर ६१. कूलर बंद करून बघितला. तरी ६४. संध्याकाळपर्यंत कूलर बंदच ठेवला. ६४.

जेवायला काही नव्हतं. शेगडी नाही हे विसरलोच होतो.

२६ मे
ही बातमी आप्पांना सांगणं माझं कर्तव्य होतं. ताईला फोन लावला. तिने बराच वेळ लावून फोन त्यांच्याकडे दिला. मी म्हटलं, आप्पा, प्रॉब्लेम सापडला. आता मशीनला कूलर लागत नाही. आतमध्ये एक प्लॅस्टिक राहिलं होतं, बस इतकंच होतं.

ते श्वास घेत होते. मग म्हणाले, “बरं व्हयनं भाऊ.”

मी म्हटलं, तुमचा कूलर तुमच्या खोलीत परत लावलाय, पाणीसुद्धा भरून ठेवलंय. कधी येता? यावर ताईने फोन घेतला. म्हणाली, त्यांची खोली तू ठेव, कूलरबी ठेव. शीलाला द्यायला सांगितला तर म्हणाली, ती झोपली. दुपारी बारा वाजता शीला कधी झोपत नाही. दमली असेल.

३१ मे, रविवार
दुसरी क्वालिफायर. हरलेल्या टीमना अजून एक चान्स होता. मशीन पहिल्यांदाच पूर्ण तयारीत. टेम्परेचर ६२, फ्रेमरेट अप्रतिम, एकदाही अडकलं नाही. अंघोळ करून, नवा शर्ट घालून वेळेआधी बसलो.

टीमच्या यादीत माझं नाव नव्हतं. माझ्या जागी तरुणची चुलत बहीण प्रियल. तिच्याकडे साधा ऑफिसचा लॅपटॉप. मला प्रेक्षक म्हणून बघायची परवानगी होती. बघितली. सगळ्यात वरच्या सेटिंगवर. झाडाचं पान न पान दिसत होतं. ते जिंकले.

नंतर तरुणला माईकवर विचारलं, अरे, आता तर माझं मशीन परफेक्ट आहे, मग काय झालं? बाकीचे निघून गेले, तोच एकटा थांबला. आधी म्हणाला, असंच. मी सोडलं नाही. मग त्याने विचारलं, आजोबा कसे आहेत? मी म्हटलं, तुला काय माहीत?

“काका, त्या दिवशी तुमचा माईक चालू होता,” तो म्हणाला. “आम्ही सगळ्यांनी ऐकलं. ते पाणी मागत होते. आम्ही ओरडत होतो, काका उठा, पाणी द्या त्यांना. तुम्ही आमचा आवाज बंद करून ठेवला होता.”

आणि तो गेला.

मधे बंद दार होतं. कूलरची घरघर, सात पंखे. आप्पांचा आवाज आधीच खोल गेलेला. तरी इथून नंदुरबारपर्यंत स्वच्छ पोचला.

माईक मी स्वतः निवडला होता. तो चांगला निघाला.