एक क्षमा राहिली

सुरेंद्रनगर,
भाद्रपद शुद्ध पंचमी

पूज्य कोकिलाभाभी,

जय जिनेंद्र. तुमच्या धाकट्या जावेचा नमस्कार. वर्षभरात मनानं, बोलण्यानं, वागण्यानं तुम्हाला दुखावलं असेल तर हात जोडून मिच्छामि दुक्कडम्. छापील कार्डं महाग झालीत, म्हणून वहीचं पान. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, हेही आहेच. रागावू नका.

आठ उपवास नीट पार पडले. आज मुगाचं पाणी घेतलं. तुमच्या खुशालीच्या लग्नाच्या साड्यांना फॉल मी घरीच लावले. दुकानात उगीच पैसे कशाला?

हंसाबेननी सोयरीक पुन्हा पक्की केली. खुशालीला सासू चांगली मिळाली. त्या कशा तयार झाल्या, हे तुम्ही विचारलं नाहीत. मीही सांगितलं नाही.

साखरपुड्यात गूळधणे वाटताना ढोल सुरू झाला आणि माझी हेतवी कान झाकून जिन्यात बसली. हंसाबेननी विचारलं, तर तिनं सरळ सांगितलं, "मला ऑटिझम आहे, जन्मापासून. ढोल सहन होत नाही. थोडा वेळ शांत खोली द्याल का?" अहमदाबादला अशा मुलांना शिकवणाऱ्या बेननी तिला तसंच शिकवलं होतं, काय आहे ते सांगायचं आणि काय हवं ते मागायचं. घरी आल्यावर मला म्हणाली, "मम्मी, मी न अडखळता सांगितलं." परक्या माणसाकडे तिनं काही मागितलं ते पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी त्या लोकांनी पाय मागे घेतला. घराण्यातच असं असेल तर पुढच्या मुलांचं काय, म्हणाले. तुम्ही म्हणालात, तुझ्या पोरीच्या जिभेला हाड नाही, आता तूच निस्तर.

मी निस्तरलं. दर्शनाला जाऊ म्हणून हेतवीला बाहेर काढलं आणि येताना हंसाबेनच्या पायऱ्या चढले. हेतवीसमोरच म्हटलं, "आजार कसला? हिला नाटकं करायची सवय आहे."

हेतवी फरशीकडे बघत म्हणाली, "मम्मी, डॉक्टरांचा रिपोर्ट तूच कपाटात ठेवलायस ना?"

मी हसले. "बघा, अजून चालूच आहे," म्हटलं. हंसाबेनही हसल्या. चहा आला.

तेव्हापासून ती काही मागत नाही. मिक्सर, देरासरात दर्शनाला गेलं की तिथली घंटा, सगळं ऐकत बसते. कानांवर हात नेत नाही, ओठ चावते. रक्त पुसायला गेलं तर म्हणते, "काही नाही, नाटक आहे."

हंसाबेनना जाऊन खरं सांगावं तर खुशालीचं मोडेल. भाभी, माझ्यात बळ नाही.

काल प्रतिक्रमणात वर्षाची पापं आठवून झाल्यावर सगळ्यांची क्षमा मागत फिरले, भाजीवालीचीसुद्धा. आपल्यात सगळे हसून मिच्छामि दुक्कडम् म्हणतात आणि पुढे जातात. दिली की नाही, हे कुणी आत डोकावून बघत नाही. हेतवीपुढे मात्र खाली बसले. म्हटलं, त्या दिवशी मी तुला खोटं पाडलं, मला क्षमा कर.

तिनं डोळे मिटले. मग म्हणाली, "मम्मी, मी आत बघितलं. क्षमा नाहीये. नसताना दिली म्हणू का?"

मी नको म्हटलं.

लग्नाला हेतवी येईल. कुणी काही विचारलं तरी ती आता सांगणार नाही. तेवढं मी करून ठेवलंय.

तिची आई म्हणवणारी,
सरोज