चिमटीत कापूस

बुधवार, २४ सप्टेंबर

आज पुन्हा — आजोबा! सान्वीला प्लेग्रुपमधून आणायला गेलो, तर गेटवरच्या नव्या मावशी आत ओरडल्या, "सान्वीचे आजोबा आलेत!" लग्नानंतर अठरा वर्षांनी मूल झालं, डोक्यावर सगळे पांढरे. त्यांची तरी काय चूक? घरी सांगितलं तर देवयानी इतकी हसली की हातातलं लाटणं पडलं. "मग मी कोण? आजी?"

एवढ्यावरच भागलं असतं तर बरं होतं. पण प्रमोदिनी टीचरनी मला बाजूला बोलावलं होतं. सान्वी आता पावणेतीन वर्षांची. बाकीची मुलं मणी ओवतात, कागद फाडतात, चिकटवतात. "ही हात पुढे करते आणि मध्येच थांबते. मग मागे घेते," त्या म्हणाल्या. सणासणाला हाताने करायचं काहीतरी देणार आहेत, ते घरी रोज करून घ्यायचं. दिवाळीच्या सुट्टीनंतर बघायचं. नाही जमलं तर बोटांच्या थेरपीवाल्या मॅडमना दाखवायचं, आणि नर्सरी एक वर्ष पुढे.

मी रोज सकाळी नौपाड्याच्या लॅबमध्ये चाळीस-पन्नास जणांचं रक्त काढतो. म्हातारी माणसं "शिवरामच हवा, त्याचा हात हलका" म्हणून थांबून राहतात. आणि माझ्याच पोरीचा हात — देवा, लक्ष असू दे.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

नवरात्राचं काम — देवीसाठी कापसाची वस्त्रमाळ. गावी आई करायची ती. कापूस ओढायचा, चिमटीत पिळायचा, मध्ये मध्ये कुंकवाचं बोट टेकवायचं. ठाकुर्लीच्या आमच्या दोन खोल्यांत देव्हारा छोटा, पण अष्टभुजेची तसबीर मोठी आहे. सान्वी तिला "खूप हातवाली" म्हणते.

तिने कापूस उचलला. "त्या हातात नाही बाळा, ह्या हातात. देवाचं काम उजव्या हाताने." मी हळूच बदलून दिला. ओरडलो नाही. मी तिच्यावर कधीच ओरडत नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि कापूस पडला. पुन्हा दिला. पुन्हा पडला.

शेवटी माळ मीच केली. सुरेख झाली — त्याचंच वाईट वाटलं.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

कागदाची आपट्याची पानं. पालकांच्या ग्रुपवर सकाळपासून फोटो. नीलचं पान तर सोनाराकडून कापून आणल्यासारखं! देवयानी म्हणाली, "नीलच्या बाबांची बोटं छान वळायला लागली हो."

सान्वीचं पान म्हणजे एक फाटका तुकडा. तोही अर्धा मीच फाडून दिलेला. तरी फोटो टाकला. खोटं कशाला?

सोमवार, ६ ऑक्टोबर

मणी. सहा पडले, एक तोंडात गेला. काढला.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

जमिनीवर मांडी घालून, पाटावर वही ठेवून लिहितो. वही सरकत राहते. आज देवयानी बघत उभी होती. "अहो, दुसऱ्या हाताने धरा की ती! तो काय मांडीखाली अंडी उबवतोय?" खरंच की — लिहिताना डावा हात मांडीखाली घ्यायची माझी सवय. कधीपासूनची, देव जाणे.

सान्वीचं आजचं काम आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या चिकटवायचं. झिरमिळ्या उजव्या हातात दिल्या. नाही जमलं.

रविवार, १२ ऑक्टोबर

लॅबमधून आलो तर देवयानी दारातच. "अहो, बघायला या! सगळं अळीव पोरीने पेरलं!" बाल्कनीत जुन्या घमेल्यात मातीचा किल्ला केलाय, त्याच्या उतारावर. चिमूट चिमूट. बाहेर फरशीवर एक दाणा नाही. मला खरं वाटेना.

"दाखव बाबाला," म्हणत उरलेल्या अळिवाची वाटी मी तिच्यासमोर धरली. तिने हात पुढे केला. मी वाटी जरा सरकवली, उजव्या हाताजवळ. ती थांबली. माझ्याकडे बघितलं. हात मागे.

म्हणजे मी नसताना जमतं. मी समोर असलो की नाही! काय करतो मी असं? जपाला बसलो, पण माळेचा एकच मणी कितीतरी वेळ बोटात.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

अळीव उगवलं. दाट. सान्वी किल्ल्याला "गवतबाप्पा" म्हणते. त्याला नमस्कार करायला लावला, तेव्हा मात्र दोन्ही हात पटकन जोडले.

गुरुवार, २३ ऑक्टोबर. भाऊबीज

जनीताई गावाहून आली. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, त्यामुळे घरात शिरल्या शिरल्या माझं पोट, बाल्कनीतले कपडे, देवयानीचं करंजीचं सारण — सगळ्यांवर बोलून झालं. मग मला पाटावर बसवलं, ओवाळायला निरांजन घेतलं. म्हणाली, "सान्वे, बाबाच्या डोक्यावर अक्षता टाक गं."

सान्वीने ताटातल्या अक्षतांना हात घातला. मी तो हात धरला. "ह्या हाताने नाही, बाळा."

ताई निरांजन धरून तशीच उभी. "का रे? का अडवतोस तिला?"

"ताई, शुभ काम. उजव्या हाताने—"

"बघा, कोण सांगतंय!" ती हसायलाच लागली. "अरे डावखोऱ्या!"

मला कळेना. मी आणि डावखुरा? रोज सुई उजव्या हातात असते माझ्या.

"पहिलीत गुरुजी तुला डाव्या हातावर बसवायचे. हात मांडीखाली, नि पेन्सिल उजव्यात. घरी यायचास तर बोटं लालबुंद. जेवायला बसलास तरी हात आपला मांडीखालीच. आई मागनं डोळे पुसायची."

"मला नाही आठवत, ताई."

"तुला नाय आठवत. त्याला आठवतंय," ती म्हणाली आणि खाली बोट दाखवलं.

मी पाटावर बसलो होतो. सान्वीचा हात सोडलेला. माझा डावा हात मांडीखाली होता.

मग देवयानी हळूच म्हणाली, "तुम्ही नसताना ती सगळं डाव्यानेच करते. तुमचं देवाचं असतं, म्हणून मी बोलले नाही." म्हणजे हिला ठाऊक होतं!

ताईने तसबिरीकडे मान वळवली. "त्या बाईला आठ हात. चार डावे. ते काय मांडीखाली घेऊन बसलीये ती?"

इतकी वर्षं रोज त्या तसबिरीला फूल वाहतोय. हात कधी मोजले नव्हते.

गुरुजींनी मला छडी मारल्याचं आठवत नाही. प्रेमळच होते. मीही सान्वीला प्रेमानेच अडवत होतो.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

संध्याकाळी देव्हाऱ्यासमोर कापूस ठेवला. तिच्या हातात दिला नाही, दोघांच्या मध्ये ठेवला. तोंड बंद ठेवणं किती कठीण असतं!

तिचा डावा हात निघाला. अर्ध्यावर थांबला. तिने माझं तोंड बघितलं. मी म्हणालो, "कर."

केलं! कापूस ओढला, चिमटीत पिळला, पुन्हा ओढला. जीभ बाहेर, डोळे बारीक. कुंकवात बोट बुडवून अकरा ठिपके दिले, बारावा माझ्या नाकावर. माळ कुठे दोरीएवढी जाड, कुठे तुटायला आलेली. देवीच्या गळ्यात आज तीच आहे. मी केलेली जुनी काढून ठेवली.

"जमलं!" ती स्वतःच म्हणाली आणि डाव्या हाताने टाळी मागितली. मी उजवा पुढे केला. तिने मान हलवली. "तो नाही, बाबा. हा."

सुट्टी संपली की प्रमोदिनी टीचरना सांगायचं — पोरीच्या बोटांत काही कमी नव्हतं.

शनिवार, २५ ऑक्टोबर

अक्षर पहिलीतल्या मुलाचं आलं आहे. ओळ चढत चालली आहे. पण आज वही सरकत नाही, उजव्या हाताने धरली आहे. लिहितोय डावा.