मंगळापुढचा ‘थेट’

१२ डिसेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ६.४०. प्रिंटर पुसतोय, पण लक्ष लागत नाही.

प्रशांत माझा वर्गमित्र. तो पोलादपूरला विज्ञान शिकवतो, मी दहावी नापास, महाडला फ्लेक्स छापतो. त्याच्या शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनाच्या फलकाचा मजकूर मीच वाचून-वाचून जुळवला होता. चंद्राला ना चुंबकीय क्षेत्र, ना धड वातावरण, म्हणून सौरवारा, म्हणजे सूर्याकडून येणारा कणांचा झोत, तिथे थेट जमिनीवर आदळतो. मंगळाची वरची हवा विद्युतभारित होऊन त्याला बरंचसं वळवते. थोडी हवा मात्र तो ओढून नेतो. म्हणून फलकावर ‘थेट’ हा शब्द फक्त चंद्रापुढे.

छापायच्या आधी प्रशांतचा फोन आला. “मंगळापुढं पण थेट टाक. हवेचं काढ, जागा नाय.”

“चूक होईल रे.”

“टाक, मी हाय ना!”

आज फलक बांधायला गेलो. परीक्षक बाईंनी नेमकं त्याच ‘थेट’वर बोट ठेवलं.

प्रशांत हसला. “फ्लेक्सवाल्याची चूक, मॅडम. दहावी नापास आहे तो.” माझ्याशी ‘हाय’, बाईंशी ‘आहे’.

बाईंनी मला विचारलं, “तुम्ही लिहिलंत?”

पोरं बघत होती. त्यांच्या सरांना खोटं कसं पाडू? हो म्हणालो. का म्हणालो?

“पुढच्या वेळी शिकलेल्या माणसाकडून तपासून घ्या,” बाई म्हणाल्या.

प्रशांतनंही मान डोलावली.