मोहटोल्याचं मैदान

३ ऑक्टोबर १९५७, नागभीड रेस्ट हाऊस
आजपासून रोजनिशी. पहाटे उठणे. सिगारेट बंद. हाताखालच्या माणसांवर ओरडणे बंद.
विमानातून काढलेल्या फोटोंवरून जमीन वाचायची, ही नवी सरकारी योजना. या जिल्ह्यात तिचा सगळा भार माझ्यावर. कागदोपत्री गुणवंतराव साहेबांवर, पण ते नागपूरला असतात.
फोटो आले. जोडभिंगातून पाहिलं की टेकड्या उभ्या राहतात, तळी खोल दिसतात म्हणे. मला सगळं सपाट दिसतं. भिंग सदोष असावं. कुणाला बोललो नाही.

७ ऑक्टोबर
डिसेंबरात मोठं प्रात्यक्षिक. छोट्या विमानातून साहेब लोक उतरणार. जागा फोटोवरून मी निवडायची. निवडली. मोहटोला गावालगत, एकसारखं सपाट, झाड नाही, दगड नाही. उत्तम कुरण.
जाऊन पाहावं असं मनात आलं. पण पायी जाऊनच पाहायचं तर फोटो कशाला? शिवाय त्या बाजूला वाघ आहे.

२० ऑक्टोबर
साहेबांचं पत्र. 'शाबास.' म्हणजे मी कायम होणार, पुढे दिल्ली. एक सिगारेट ओढली. आनंदाची हिशेबात धरत नाहीत.

१ नोव्हेंबर
मैदानाच्या मधोमध चुन्याची फुली मारायला शिपाई बिरजूला पाठवलं. गळ्यापर्यंत ओला होऊन परत. म्हणे मैदानात बुडालो. तोंडाचा वास घेतला. प्यायला नव्हता, तरी गैरहजेरी मांडली. ओरडलो नाही. फार नाही.

२ नोव्हेंबर
मोहटोल्याचा मासे धरणारा ढीवर इस्तारी आणि त्याची बायको देवकाबाई आले. बाईच जास्त बोलत होती. म्हणाली, "मैदान नोहे जी, तलाव होय. वर शिंगाड्याचा वेल हाय, म्हून तुमाले जमिनीवानी दिसते." मासे, शिंगाडे आणि धानाचं पाणी, सगळं गाव याच तलावावर जगतं म्हणाली. मी फोटो दाखवला. फोटो खोटं बोलत नाही, हे शांतपणे समजावलं. टोपलीभर शिंगाडे ठेवून गेले. गोड निघाले.

६ नोव्हेंबर
स्वतः गेलो. तलाव आहे.
रात्रभर विचार केला. फोटोत चूक नाही. चूक जमिनीत आहे. पाणी काय, आज आहे उद्या नाही. खाली मैदानच असणार. तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, फोडली की फोटोप्रमाणे होईल. साहेबांना 'किरकोळ साफसफाई चालू' एवढंच कळवलं. मोठ्या माणसांना तपशिलाचा त्रास देऊ नये.

११ नोव्हेंबर
पाळ फोडली. मोहटोल्याचा एकही माणूस कुदळ धरेना, दुसरीकडून मजूर आणले. इस्तारी पाळीवर बसून राहिला. "धान भरून राह्यला जी. अखरीचं एक पाणी घेऊ द्या, मंग फोडा." मी त्याला देशाच्या प्रगतीबद्दल सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आमी खाचं काय?" विषयाला धरून बोलायची या लोकांना सवय नाही. दोघांनी धरून उठवला.
चिखलात मासे तडफडत होते. वाईट वाटलं. मी कठोर नाही हे नोंदवून ठेवतो.

२९ नोव्हेंबर
मोहटोल्याचं धान पोचट गेलं. लोक मजुरीला बाहेर चाललेत. स्टेशनवर देवकाबाई दिसली, डोक्यावर बोचकं. मी आपण होऊन नमस्कार केला. तिने पाहिलं आणि गाडीत चढली. शिंगाडे खाल्ले होते म्हणून मी ओळख ठेवली, तिने ठेवू नये?
गाव रिकामं झाल्याने प्रात्यक्षिकाला गर्दी होणार नाही. तेवढी सोय झाली.

१५ डिसेंबर
मैदान वाळलं नाही. वर धानाचं वाळलेलं तणीस पसरलं, तेही बुडालं. तरी मी पांढरं निशाण घेऊन मधोमध उभा. विमान आलं, दोन घिरट्या घातल्या, फोटो काढले आणि न उतरता गेलं. साहेबांनी मला नक्की पाहिलं असणार.
चिखलातून पाय निघेनात. बिरजू रजेवर. गावाच्या दिशेने हाका मारल्या, शेवटी चक्क ओरडलो. गावात कुणीच नव्हतं. बूट तिथेच राहिले.

४ जानेवारी १९५८
त्या दिवशीचे फोटो आले. वाचन खुद्द साहेबांचं, लाल पेन्सिलीने. 'तलाव फोडलेला. वस्ती ओसाड. पाळ कोणी फोडली याची कसून चौकशी व्हावी.'
भिंग लावलं. आज पहिल्यांदाच सगळं उभं राहिलं. पाळ, तिच्यातलं भगदाड, तलावाची खोली, बिनधुराची घरं. भिंग चांगलं आहे.
मधोमध एक काळा ठिपका. मीच तो. त्याच्यापुढे साहेबांनी लिहिलंय, 'खुंट. निरुपयोगी.'
हरकत घेणार होतो. पण मग तिथे मी उभा होतो हे सांगावं लागेल.
खुंटच बरा. सिगारेटचं पाकीट संपलं.